ज्यू स्त्रिया आणि नाझी वंशसंहार: बायकांच्या वाट्याला वेगळं काय आलं?

ॲन फ्रँकची डायरी मराठीत कितीतरी घरांत वाचली गेली आहे. तिची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची. पुढचं बहुतेकांना एका दमात सांगता येतं: पकडले, छावणीत नेलं, ॲन गेली. हेच जरा सावकाश सांगू. ४ ऑगस्टला अटक झाली. ३ सप्टेंबरला नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीतून निघालेल्या गाडीने फ्रँक कुटुंब नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीला पोचलं. फलाटावर पुरुषांची रांग वेगळी, बायका-मुलांची वेगळी. वडील ऑटो तिथेच दुरावले. आई एडिथ, मार्गो आणि ॲन बायकांच्या छावणीत गेल्या. ॲनला पंधरावं पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्याच गाडीतून आलेल्या पंधराच्या आतल्या मुलांना लगेच विषारी वायूने मारलं गेलं. शरद ऋतू सरता सरता दोघी बहिणींना जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सनला हलवलं, आई मागेच राहिली. ६ जानेवारी १९४५ ला एडिथ भुकेने आणि आजाराने गेली. मुली फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गेल्या. युद्ध संपलं तेव्हा जिवंत होते ते फक्त वडील.

फलाटावरच्या त्या बायकांच्या रांगेचं पुढे काय व्हायचं, आणि फलाटाच्या आधी त्यांनी काय काय सोसलेलं असायचं, ते इथे समजून घेऊ. नाझींनी ठरवलेला शेवट ज्यू पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी एकच होता. सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. पण तिथवरची वाट एकसारखी नव्हती. मारणाऱ्यांच्या लेखी ज्यू बाई ही ज्यूंच्या पुढच्या पिढीला जन्म देणारी होती, आणि म्हणून तिचं आईपणच मरणाचं कारण ठरत गेलं. हे सूत्र धरून ठेवलं की या काळातल्या अनेक सुट्या वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींना जोडता येतात.

आधीची वर्षं: कागद, शिक्के आणि रांगा

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत जेमतेम सव्वापाच लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि बिगरज्यू यांच्या लग्नावर आणि शरीरसंबंधांवर बंदी घातली. त्यातच एक कलम होतं: ज्यू घरात ४५ वर्षांखालची जर्मन मोलकरीण ठेवायची नाही. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू बाईच्या नावापुढे सरकारी कागदांवर ‘सारा’ आणि पुरुषाच्या नावापुढे ‘इस्रायल’ जोडणं सक्तीचं झालं. घरातला पुरुष नोकरीतून निघाला की घर बाईच्या कमाईवर यायचं. ज्यू महिलांच्या संघटनेने तेव्हा शिवण, स्वयंपाक, टोप्या बनवणं, परक्या भाषा असे वर्ग चालवले, कारण परदेशात मिळालंच तर हेच काम मिळणार होतं.

९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर सिनेगॉग आणि दुकानं जाळली, आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना उचलून डाखाउ, बुखेनवाल्ड, झाक्सनहाउझन या छावण्यांत नेलं. सुटकेचा मार्ग एकच होता: हा माणूस देश सोडून जाणार, याचा पुरावा आणा. तो पुरावा आणायला बाहेर उरल्या होत्या बायका. कर थकलेला नाही असा दाखला, पोलिसांचा दाखला, लाल ‘जे’चा शिक्का असलेला पासपोर्ट, दुसऱ्या देशाचा व्हिसा आणि आगबोटीचं तिकीट, हे सगळं एकाच वेळी वैध असावं लागे. एका कागदाची मुदत दुसरा हाती येईपर्यंत संपायची आणि फेरा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कालपर्यंत घराचे व्यवहार नवऱ्यावर सोपवणाऱ्या बायका आता गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कचेरीत एकट्या उभ्या राहत होत्या.

मग त्या स्वतः का नाही गेल्या? गेल्याही, पण पुरुषांपेक्षा कमी. नवरा आणि मुलगा आधी जाऊ दे, तिकडे जम बसला की आम्ही येऊ, हा हिशेब होता. आजवर मार, अटक, छावणी हे पुरुषांच्याच वाट्याला आलं होतं. बायकांना हात लावणार नाहीत असं सगळ्यांनाच वाटत होतं. शिवाय म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून जाणार कोण? ती जबाबदारी लेकीकडे आली. डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं एकटी ब्रिटनला पाठवली गेली, त्यांना स्टेशनवर पोचवणाऱ्या आयांपैकी असंख्य जणींनी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये देश सोडण्यावरच बंदी आली. तोवर जर्मनीत उरलेल्या ज्यूंमध्ये बायकांची, त्यातही वयस्क बायकांची संख्या पुरुषांहून कितीतरी जास्त झाली होती.

ज्या निसटल्या त्यांपैकी काही मुंबईला आल्या. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये मुंबईत पोचली, तिने इथे नृत्यशाळा काढली, एका पारशी डॉक्टरांशी लग्न केलं आणि १९४८ मध्ये लंडनला गेली. युरोपात राहिलेलं तिचं जवळपास सगळं कुटुंब मारलं गेलं.

घेट्टो: चूल, रेशन आणि गरोदरपण

पोलंड जिंकल्यावर नाझींनी ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडायला सुरुवात केली. या कोंडवाड्याला घेट्टो म्हणत. वॉर्साचा घेट्टो नोव्हेंबर १९४० मध्ये बंद झाला. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरच्या भिंतीआड चार लाखांहून जास्त माणसं. सरकारी रेशन माणशी दिवसाला दोनशे कॅलरींच्याही आत. आपल्याकडच्या दोन पोळ्या म्हणजे जवळपास तेवढं. उरलेलं चोरून आणलं तरच माणूस जगणार. मध्य १९४२ पर्यंत तिथे सुमारे ८३,००० माणसं भूक आणि रोगराईने मेली.

अशा घरात बाईचं काम काय होतं? पाव सगळ्यांना सारखा कापायचा, मग तो कुणी आधीच खाऊन टाकू नये म्हणून लपवायचा, बटाट्याच्या सालींच्या वड्या थापायच्या, उवा मारायच्या, पाणी गोठलेल्या नळावरून आणायचं. राखेल आउअरबाख ही लेखिका लेश्नो रस्त्यावर गरिबांसाठी सूपघर चालवत होती. तिच्या ध्यानात आलं की रोज एक वाडगा सूप मिळूनही माणसं मरतातच, फक्त थोडी उशिरा. तिने हे सगळं लिहून ठेवलं. ती इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गुप्त दफ्तरासाठी काम करत होती. याच दफ्तरासाठी सेसिलिया स्लापाकोवा हिने १९४१-४२ मध्ये घेट्टोतल्या बायकांशी बोलून त्या कशा जगतात, काय विकतात, कुठे काम करतात याची नोंद केली. म्हणजे बायकांचा अनुभव वेगळा तपासायला हवा हा विचार पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी मागाहून लादलेला नाही. भिंतीच्या आत, मरणाच्या छायेत तो झाला होता. १९४२ च्या उन्हाळ्यात सेसिलिया आणि तिची मुलगी ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत गेल्या. दफ्तर पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत पुरलेलं होतं. एक भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये.

आता सूत्राकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये लिथुआनियातल्या कोव्हनो घेट्टोत जर्मनांनी फर्मान काढलं: ज्यू बाईने गरोदर राहायचं नाही, राहिली तर मृत्यू. त्यानंतर महिनाभरातच तिथले राबाय एफ्राईम ओश्री यांच्याकडे प्रश्न आला की अशा वेळी गर्भपात धर्माला मान्य आहे का. त्यांनी हो असा निर्णय दिला. ज्यू धर्मशास्त्रात जन्म होईपर्यंत आईचा जीव गर्भाच्या आधी येतो, आणि इथे मूल पोटात ठेवणं म्हणजे दोघांचंही मरण होतं. एका धर्मगुरूला हा निर्णय द्यावा लागतो, यावरून त्या घेट्टोत आई होणं म्हणजे काय होतं ते कळावं.

सप्टेंबर १९४२ मध्ये लोड्झच्या घेट्टोत दहा वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरची माणसं ताब्यात द्या असा हुकूम आला. ज्यू प्रशासनाचा प्रमुख रुमकोव्हस्की याने जाहीर सभेत आयांकडे त्यांची मुलं मागितली. काही दिवसांत मुलं, म्हातारे आणि आजारी मिळून पंधरा हजारांवर माणसं खेल्मनो इथे नेऊन मारली.

पूर्वेकडे, सोव्हिएत प्रदेशात, घेट्टोचीही वाट पाहिली नाही. तिथे सुरुवातीच्या आठवड्यांत मुख्यतः ज्यू पुरुषांना गोळ्या घालत, ऑगस्ट १९४१ पासून बायका-मुलांनाही सरसकट मारू लागले. कीवजवळच्या बाबी यार घळीत २९-३० सप्टेंबरला दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. जवान पुरुष बरेचसे सैन्यात होते, त्यामुळे घळीकडे चालत गेलेल्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. दीना प्रोनिचेव्हा ही गोळी लागायच्या आधीच खाली पडली आणि प्रेतांखालून रात्री बाहेर आली. १९४६ मध्ये कीवच्या खटल्यात तिने साक्ष दिली.

निरोप नेणाऱ्या मुली

एक घेट्टो दुसऱ्यापासून तोडलेला होता. पत्रं उघडली जात, टेलिफोन नाही, ज्यूला आगगाडीत बसायला मनाई. तरीही लिथुआनियातल्या विल्नात सामूहिक हत्या चालू असल्याची बातमी वॉर्साला पोचली, ती तरुण मुलींनी नेली म्हणून. हिब्रूत त्यांना ‘कशारियोत’ म्हणतात. ‘केशेर’ म्हणजे दुवा, त्यावरून. वयाने त्या वीस-पंचविशीच्या, ज्यू युवक संघटनांतल्या.

हे काम मुलींकडेच का आलं, याची कारणं अगदी रोखठोक आहेत. ज्यू पुरुषाची सुंता झालेली असते. संशय आला की पोलीस त्याला आडोशाला नेऊन पँट उतरवायला लावत. बाईच्या बाबतीत अशी तपासणी शक्यच नव्हती. दुसरं भाषेचं. धार्मिक घरांतले मुलगे ज्यू पाठशाळेत जात आणि मुलींना सरकारी पोलिश शाळेत घालत, त्यामुळे मुलींची पोलिश अस्खलित, यिडिशची लकब नसलेली. कविता, प्रार्थना, शेजारणींच्या सवयी सगळं पाठ. तिसरं, भर दुपारी रस्त्यावर तरणा पुरुष दिसला की हा कामावर का नाही असं विचारलं जाई. पिशवी घेऊन निघालेल्या बाईला कोण विचारतो?

तयारी मात्र कडक लागे. खोटं ओळखपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला. केस सोनेरी करायचे तर मुळं काळी दिसू लागण्याआधी पुन्हा रंगवायचे. कॅथलिक पोलिश माणूस वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस साजरा करतो, तो माहीत हवा. चर्चसमोरून जाताना क्रूसाची खूण आपसूक झाली पाहिजे. बोलताना हातवारे कमी. बिघडायचं कुठे? बहुतेक वेळा डोळ्यांत. सगळं घरदार गमावलेल्या मुलीला आनंदी दिसत राहणं जमत नसे, आणि पैसे उकळणारे स्थानिक खबरे नेमकी ती उदासी हेरत. सामान केसांच्या वेणीत, अंतर्वस्त्राच्या शिवणीत, पावाच्या पोटात, बटाट्यांच्या तळाशी जाई: सुरुवातीला वर्तमानपत्रं आणि पैसे, पुढे पिस्तुलं.

१९४१ च्या नाताळातला एक फोटो आहे. ग्रोद्नो शहर, गेस्टापोच्या नाताळ मेजवानीत तीन तरुणी उभ्या आहेत, छान कपडे, चेहऱ्यावर हसू. तिघीही ज्यू: लोन्का कोझिब्रोद्स्का, बेला हझान आणि तेमा श्नायडरमान. बेलाने पोलिश म्हणून गेस्टापोच्या कचेरीत दुभाष्याची नोकरी मिळवली होती, म्हणून तिला आमंत्रण होतं आणि मैत्रिणींना तिने बरोबर नेलं. पुढच्या वर्षी लोन्का शस्त्रांसह पकडली गेली, बेला तिच्या शोधात गेली तर तीही सापडली. दोघींना ‘पोलिश कैदी’ म्हणूनच ऑशविट्झला पाठवलं. लोन्का तिथे १९४३ मध्ये टायफसने मेली. बेला वाचली.

फ्रुम्का प्लोत्निच्का ऑगस्ट १९४३ मध्ये बेंझिनच्या घेट्टोत तळघरातून लढताना मारली गेली. व्लाद्का मीडने डिसेंबर १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाचा नकाशा बुटात लपवून वॉर्सा घेट्टोच्या बाहेर काढला. झिव्हिया लुबेट्किन १९ एप्रिल १९४३ ला सुरू झालेल्या वॉर्सा घेट्टोच्या उठावाच्या नेतृत्वात होती. ती गटारातून बाहेर निघाली आणि १९६१ मध्ये आइशमन या, ज्यूंना छावण्यांत धाडण्याची यंत्रणा चालवणाऱ्या नाझी अधिकाऱ्याच्या खटल्यात साक्षीला उभी राहिली. रिंगेलब्लुम यांनी आपल्या नोंदींत या मुलींची नावं घेऊन त्यांचं मोल लिहून ठेवलं होतं. तरी युद्धानंतर कितीतरी वर्षं उठावाची गोष्ट बंदूक हाती घेतलेल्या पुरुषांपासून सुरू होत राहिली. ती बंदूक आत आणली कोणी, हे विचारलं गेलं नाही, याचं वाईट वाटतं.

फलाट

ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मेली, त्यातले जवळपास १० लाख ज्यू. बायकांच्या पहिल्या गाड्या २६ मार्च १९४२ ला आल्या. त्यातल्या एका गाडीत स्लोव्हाकियातल्या सुमारे हजार अविवाहित ज्यू मुली होत्या, बऱ्याच जणी सोळा ते वीस-बावीसच्या. कारखान्यात तीन महिने काम आहे असं सांगून त्यांना आणलं होतं. ठार मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांचे गणवेश त्यांच्या अंगावर चढवले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून गाड्या पोचल्या की ‘निवड’ होऊ लागली. क्रम असा: डबे उघडायचे, सामान खालीच ठेवायचं, पुरुष आणि बायका-मुलं अशा दोन रांगा, आणि एस.एस. या छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचा डॉक्टर एकेकाला बघून हाताने दिशा दाखवतो. दोन-तीन सेकंदांत निर्णय. कामाला धडधाकट वाटणारे एका बाजूला, बाकीचे वायुकक्षाकडे. पुरुषाच्या बाबतीत वय आणि अंगकाठी बघत. बाईच्या बाबतीत आधी बघत ते तिच्या हाताकडे: मूल आहे का? मूल असलं तर आई पंचविशीची आणि ठणठणीत असली तरी मुलाबरोबर मरणार. पोट दिसत असेल तरी तेच.

कामाची माणसं हवी असताना धडधाकट बाई का मारायची? कारण आईच्या हातून मूल ओढून काढलं की आकांत होतो, पाठीमागच्या रांगेला कळतं, आणि पुढची गाडी खोळंबते. मूल तर मारायचंच होतं. आईला बरोबर पाठवलं की फलाट शांत राहतो. आईच्या मायेचा असा थंड डोक्याने हिशेब केला होता. सामान उतरवणाऱ्या कैद्यांना हे माहीत होतं. ते जीव धोक्यात घालून तरुण आयांच्या कानाशी कुजबुजत: मूल आजीकडे दे. का ते सांगायला वेळ नसे. काही जणींनी दिलं, आणि त्याचा अर्थ संध्याकाळी कळल्यावर उरलेलं आयुष्य तो एक क्षण बरोबर वागवला.

१९४४ मध्ये १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांवर ज्यू इथे आणले. त्यांतल्या बहुतेकांना आल्याआल्या मारलं.

छावणीत बाईचं शरीर

ऑशविट्झमध्ये नोंद झालेल्या सुमारे चार लाख कैद्यांत १,३१,००० बायका होत्या. आत गेल्यावर पहिलं काम कपडे उतरवणं, पुरुष पहारेकऱ्यांसमोर. मग डोक्याचे आणि अंगाचे केस भादरणं. ज्या घरांत लग्न झालेली बाई डोक्यावरचं वस्त्र कधी ढळू देत नसे, तिथल्या बायकांनी याबद्दल बोलताना मारापेक्षाही हे जास्त लागल्याचं सांगितलं आहे. भादरल्यावर आईला मुलगी ओळखू येत नसे. केसांचं पुढे पोत्यांत भरून कारखान्यांना विकणं व्हायचं. छावणी मुक्त झाली तेव्हा सात टन केस तिथे पडून होते.

दिवसाचं खाणं: सकाळी अर्धा लिटर काळं कडू पाणी, ज्याला कॉफी म्हणत, दुपारी पातळ सूप, रात्री सुमारे ३०० ग्रॅम काळा पाव आणि त्याबरोबर २५ ग्रॅम सॉसेज किंवा चमचाभर जॅम. ऑशविट्झच्याच बिर्केनाउ या भागातल्या विटांच्या बराकीत साठ खण, प्रत्येकात तीन मजले, अशी १८० फळकुटं, आणि त्यावर सातशेहून जास्त बायका झोपवायचा आराखडा. पहाटे आणि संध्याकाळी हजेरी, आकडा जुळेपर्यंत उभं राहायचं, हिवाळ्यातही.

बहुतेकींची पाळी थांबली, कित्येकींची पहिल्याच महिन्यात. सुपात काही पूड घालतात अशी सगळ्यांची खात्री होती. खरं कारण म्हणून भूक आणि भीती पुरेशी आहेत: शरीरातली चरबी झपाट्याने घटली आणि ताण सतत राहिला की मेंदू पाळी चालवणारी संप्रेरकं रोखून धरतो. ज्यांची चालू राहिली त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न: कापड नाही, पाणी नाही, आतले कपडे नाहीत, आणि रक्त दिसलं की मार. पाळी थांबली याची सुटका वाटावी आणि आपल्याला आता मूल होणार नाही याची धास्तीही वाटावी, असं दोन्ही एकाच बाईच्या बोलण्यात येतं. सुटकेनंतर खायला मिळू लागल्यावर बऱ्याच जणींची पाळी परत आली.

गिसेला पेर्ल ही हंगेरीच्या ताब्यातल्या सिगेत गावची ज्यू स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४४ मध्ये ती इथे आली. गरोदर बायकांनी नाव सांगावं, त्यांना जादा पाव आणि चांगली जागा मिळेल, अशी घोषणा व्हायची. पुढे आलेल्या बायका परत यायच्या नाहीत. हे कळल्यावर पेर्लने रात्री बराकीच्या जमिनीवर, हत्याराशिवाय, औषधाशिवाय, नुसत्या हातांनी गर्भपात केले. गर्भ राहिला तर आईही जाणार होती. बाळंतपणं घेणं हाच जिचा पेशा, तिने हे केलं. १९४३ च्या मध्यापासून बिगरज्यू बाईचं तान्हं बाळ नोंदवायला परवानगी मिळू लागली होती. ज्यू बाळाला तेव्हाही मारतच होते. युद्धानंतर पेर्ल न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बाळंतपणं करू लागली.

मुख्य छावणीतल्या दहा नंबरच्या इमारतीत १९४३ पासून कार्ल क्लाउबेर्ग हा डॉक्टर ज्यू बायकांवर प्रयोग करत होता. तपासणीच्या नावाखाली गर्भाशयात दाहक रसायन टोचायचं, ज्याने गर्भनलिका सुजून बंद होतील, मग एक्स-रे काढून खात्री करायची. कित्येकींना जंतुसंसर्ग होऊन त्या मेल्या. त्याने जून १९४३ मध्ये एस.एस.चा प्रमुख हिमलर याला लिहिलं की दहा मदतनीस असलेला एक डॉक्टर दिवसाला काहीशे, कदाचित हजार बायका वांझ करू शकेल. हे पत्र वाचलं की हेतूबद्दल शंका उरत नाही. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला, त्यात वंशसंहाराची पाच कृत्यं दिली आहेत; चौथं आहे, त्या समूहात जन्म होऊ नयेत यासाठी उपाय योजणं. कोव्हनोचं फर्मान आणि ही इमारत, दोन्ही या एका ओळीत बसतात.

लैंगिक अत्याचारांबद्दल एक गैरसमज अजून ऐकू येतो: ज्यू बाईशी संबंध ठेवायला कायद्याने बंदी होती, म्हणून बलात्कार झालेच नसणार. झाले. घेट्टोत, छावण्यांत, लपायच्या जागी, गोळ्या घालण्याआधी. कायदा बाईच्या संरक्षणासाठी नव्हताच, आणि लगेच मारल्या जाणाऱ्या बाईची तक्रार कुठे नोंदवली जाणार? युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेत गुन्ह्यांची यादी आहे, पण बलात्काराचं नाव त्यात नाही.

एकमेकींच्या आधाराने

बायकांच्या साक्षींत ‘छावणीतली बहीण’ हा शब्द वारंवार येतो. सख्ख्या बहिणी, एका गावच्या, कधी अगदी अनोळखी दोघी-तिघी मिळून एक घर करत. व्यवहार ठरलेला असे: एक जण रांगेत उभी राहील तोवर दुसरी चपला सांभाळेल, कारण चपला चोरीला गेल्या की पाय फुटतो आणि पाय फुटला की पुढच्या निवडीत नाव. पाव दोरीच्या ताजव्यात तोलून वाटायचा. हजेरीत तापाने फणफणलेलीला दोघींनी मधे धरून उभं ठेवायचं, गाल चिमटून लाल करायचे. सुई असलेली बाई श्रीमंत. तुकडाभर पावाला ती टाका घालून देई. पण म्हणून बायका एकमेकींना जपत आणि त्यामुळे वाचत, असं गोड चित्र रंगवू नये. जपणाऱ्या असंख्य जणी एकत्रच मेल्या. पाव चोरणाऱ्याही होत्या. जिला कुणीच नव्हतं तिचं टिकणं अवघड होतं, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आणि त्या रोज स्वयंपाक करत, तोंडाने. चेक प्रदेशातल्या टेरेझिनच्या घेट्टोत मिना पेख्टर या वयस्क बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी आपापल्या पाककृती कागदाच्या कपट्यांवर लिहून त्यांची हाताने शिवलेली वही केली. केक, कणकेचे गोळे, भरलेला हंस. वाचताना मधेच कळतं की कृतीत एखादा जिन्नस राहिला आहे, किंवा भाजायचं सांगितलंच नाही. भुकेने लक्ष ठरत नव्हतं. १९४४ मध्ये मिना गेली. वही मुलीला पोचवायला तिने एकाकडे दिली होती. हात बदलत बदलत ती पंचवीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लेकीच्या हाती पडली.

ऑशविट्झच्या युनियन कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज बनत. तिथल्या स्फोटक भुकटीच्या खोलीत काम करणाऱ्या ज्यू मुलींनी कित्येक महिने ती भुकटी चोरली, दिवसाला फार तर चमचा-दोन चमचे. चिंधीच्या पुरचुंडीत बांधून छातीशी लपवायची. वाटेत झडती दिसली की जमिनीवर सांडून पायाने मातीत मिसळायची. एस्तेर वाइचब्लुम, रेगिना साफिरश्टाइन, आला गेर्टनर यांच्या हातून ती रोझा रोबोताकडे आणि तिथून प्रेतं जाळायला लावलेल्या ज्यू कैद्यांकडे पोचे. ७ ऑक्टोबर १९४४ ला त्या कैद्यांनी उठाव केला. चार नंबरचं स्मशानगृह जळालं, एस.एस.चे तिघे मेले, चारशेहून जास्त कैदी मारले गेले. भुकटीचा माग काढत तपास कारखान्यापर्यंत आला. चौघींचे हाल केले, तरी रोझाने जिवंत असलेल्या कुणाचं नाव दिलं नाही. ६ जानेवारी १९४५ ला चौघींना फाशी दिली, दोन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे दिवसपाळीच्या आणि रातपाळीच्या बायकांनाही बघावं लागेल. त्याच दिवशी, त्याच छावणीत एडिथ फ्रँक गेली. २७ जानेवारीला सोव्हिएत सैन्य पोचलं.

साक्षी ऐकताना

सुटून आल्यावर बायकांना विचारला गेलेला प्रश्न बहुतेकदा असा होता: तू कशी काय वाचलीस? त्यात संशय होता, आणि त्यामुळे पुष्कळ जणी चाळीस-चाळीस वर्षं गप्प राहिल्या. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या विषयावर पहिली मोठी परिषद झाली, तेव्हाही बायकांचं वेगळं काढल्याने सगळ्यांचं दुःख लहान होईल असा आक्षेप होता. आता हजारो चित्रित मुलाखती उपलब्ध आहेत आणि बऱ्याच इंटरनेटवर बघता येतात. ऐकायला बसणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

हातावर नंबर फक्त ऑशविट्झमध्ये गोंदत. राव्हेन्सब्रुक या जर्मनीतल्या बायकांच्या छावणीतून किंवा बेल्सनमधून आलेल्या बाईच्या हातावर तो नसला तर तिच्या सांगण्यात खोट नाही. ‘मला मेंगेलेने निवडलं’ असं अनेक जणी सांगतात; मेंगेले हा ऑशविट्झमधला सगळ्यात कुप्रसिद्ध डॉक्टर. फलाटावर डॉक्टर बरेच होते, आणि नाव नंतर कळलेलं असतं. चेहरा चुकला तरी प्रसंग चुकत नाही. अत्याचाराबद्दल ‘माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत’ असं वाक्य आलं तर तिथे उलट प्रश्न न विचारता थांबावं. आणि सगळ्यात आधी बघावं ते ती छावणीत पोचली त्याचं वर्ष आणि महिना. मार्च १९४२ मध्ये आलेली स्लोव्हाक मुलगी जवळजवळ तीन वर्षं आत होती. जून १९४४ मध्ये आलेल्या हंगेरियन बाईला कदाचित सहा आठवड्यांत जर्मनीतल्या कारखान्यात हलवलं असेल. दोघीही ऑशविट्झच म्हणतात, पण त्या सांगत असतात त्या छावण्या वेगळ्या असतात.